काहीच न घातलेली वाटी

बाबांचे कान सुजलेत हे बारकीला पहिल्यांदा दिसलं ते फोनवर. बाबा नेहमीप्रमाणे कॅमेरा पार नाकाला लावून बोलत होते आणि त्यांच्या डाव्या कानाची कड कुणीतरी पिळून काढल्यासारखी लाल झाली होती.

"कानाला काय झालं?"

"काही नाही गं. डास चावला असेल."

"उजवाही तसाच दिसतोय. डासाने दोन्हीकडून चावा घेतला का?"

तेवढ्यात मागून मावशीचा आवाज आला. "थंडीने होतं तसं." आणि फोन मावशीच्या हातात गेला. तिने बारकीच्या तब्येतीची, कामाची, हवेची चौकशी केली. कानांचा विषय परत निघालाच नाही.

बारकी ही वडिलांची एकुलती एक मुलगी. लहानपणी पडलेलं नाव तिला वडिलांपेक्षा उंच झाल्यावरही चिकटून राहिलं होतं. ती दुसऱ्या शहरात, बसने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर, एका संशोधन संस्थेत काम करत होती. बाबा व्हायोलिनं दुरुस्त करायचे. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं काम चाले. भिंतीवर उघडी पोटं घेऊन लटकलेली वाद्यं, शेगडीवर सरसाचं भांडं आणि सगळ्या घराला रोगणाचा वास. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. दोन वर्षांपूर्वी बाबांनी मावशीशी लग्न केलं. ही काही आईची बहीण नव्हे. कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात ती जन्मभर काउंटरमागे उभी राहिली, आणि सगळा रस्ता तिला मावशी म्हणायचा, म्हणून बारकीही म्हणायची. दुसरं काही म्हणायला जीभ वळत नव्हती.

बाबा तीन-चार महिन्यांनी एकदा बारकीकडे राहायला यायचे. एकटेच. मावशीला म्हणे बस लागायची. आले की कसे टवटवीत असायचे! जिने चढायचे, बाजारात हिंडायचे, शेजाऱ्यांना जुने विनोद नव्याने सांगायचे. परत गेले की पंधरवड्यात पुन्हा तेच. संध्याकाळी ताप, गुडघे धरलेले, अंगावर लालसर गाठी, आवाज थकलेला. एकदा झालं तेव्हा बारकीला योगायोग वाटला. दुसऱ्यांदा झालं तेव्हा प्रवासाची दगदग वाटली. तिसऱ्यांदा मात्र तिच्या मनात पाल चुकचुकली. माझ्याकडे बरे असतात आणि तिच्याकडे आजारी पडतात. मग तिच्याकडे असं काय आहे?

हा प्रश्न दुसऱ्या कुणाच्या डोक्यात आला असता तर कदाचित विरून गेला असता. पण बारकीचं कामच दाहाचं होतं. शरीरातल्या रक्षक पेशी कशा पेटतात, हे ती रोज बघायची. पेशीच्या पृष्ठभागावर काही खुंट्या असतात. जंतूच्या कवचाचा एखादा तुकडा, एखादं विष, जखमी पेशीतून सांडलेला ऐवज, असं काही त्या खुंटीला अडकलं की आत निरोप सुटतो. एक प्रथिन दुसऱ्याला जागं करतं, दुसरं तिसऱ्याला. शेवटी निरोप्या पेशीच्या केंद्रकात शिरतो आणि तिथे हुकूम सुटतो: ताप आणा, सूज आणा, आणखी पेशी बोलवा. बारकीच्या प्रयोगशाळेतल्या पेशींमध्ये तर अशी सोय केलेली होती, की निरोप केंद्रकात पोचला की पेशी उजळायची. अंधाऱ्या यंत्रात तो उजेड मोजता यायचा. इतक्या वर्षांत तिच्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती: बाहेरून कुणी दार वाजवल्याशिवाय आतून आरडाओरडा होत नाही.

मग बाबांचं दार कोण वाजवत होतं?

न कळवता ती एका सुट्टीच्या सकाळी घरी जाऊन धडकली. दार मावशीने उघडलं. चेहऱ्यावर आनंद आला, पण तो यायला जरा उशीर झाला असं बारकीला वाटलं.

"फोन तरी करायचास. मी काहीतरी केलं असतं."

"म्हणूनच नाही केला," बारकी हसत म्हणाली. दोघीही हसल्या. दोघींचंही हसू वरवरचं होतं.

बाबा पांघरुणात होते. नाकाचा शेंडाही आता लाल झाला होता. टेबलावर एका व्हायोलिनची तारांखालची घोडी अर्धवट कोरून पडली होती. बोटं वळत नाहीत म्हणून राहिली, असं ते म्हणाले. बारकी त्यांच्या उशाशी बसली खरी, पण तिचं लक्ष स्वयंपाकघराकडे होतं. मावशी कपाटातून एक डबा काढायची, त्यातली पावडर दुधात ढवळायची आणि पेला बाबांना संपेपर्यंत हातात धरायला लावायची. "यांच्या हाडांसाठी आहे," ती म्हणाली. सूप मात्र बाबांचं वेगळं. "यांना मीठ कमी लागतं." मधाची बाटलीही वेगळी. "यांना तोच आवडतो." प्रत्येक गोष्टीला मावशीकडे उत्तर तयार होतं आणि नेमका त्याचाच बारकीला संशय यायचा. प्रश्न विचारायच्या आधीच ही उत्तरं का देते?

दुपारी मावशी आडवी झाली तेव्हा बारकीने डब्यातली बरीचशी पावडर पिशवीत भरली. मध घेतला, सूप घेतलं, शेल्फवरच्या दोन बाटल्यांतले थेंब घेतले. बाबांच्या रोगणाची चिंधीही घेतली, म्हणजे आपण एकाच माणसावर डूख धरलेला नाही असं स्वतःला सांगता येईल.

प्रयोगशाळेत परतल्यावर तिने सगळ्यांचे पातळ अर्क केले आणि उजळणाऱ्या पेशींवर घातले. दुसऱ्या दिवशी यंत्राच्या पडद्यावर आकडे आले ते तिने दोनदा तपासून बघितले. पावडर घातलेल्या पेशी लख्ख उजळल्या होत्या. मधाच्याही. सुपाच्या तर विचारूच नका.

शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या सहकाऱ्याला सगळे वकील म्हणायचे, कारण कुणाचाही निकाल समोर आला की तो विरुद्ध पक्षाची बाजू घ्यायचा. बारकीने त्याला आकडे दाखवले आणि मन घट्ट करून सगळं सांगितलं.

"म्हणजे सावत्र आई विष घालते," वकील म्हणाला.

"मी तसं म्हटलं नाही."

"चेहऱ्याने म्हटलंस. बरं, तुझ्या स्वतःच्या घरच्या दुधाचं काय?"

"माझ्या दुधाचा काय संबंध?"

"आणून बघ तर खरं."

तिने आणलं. आपल्या ओट्यावरचं दूध, आपल्या बाटलीतला मध, नळाचं पाणीसुद्धा. सगळं उजळलं. नळाचं पाणी तर पावडरीच्या वरताण.

"जंतूंच्या कवचाचे तुकडे कुठे नसतात?" वकील म्हणाला. "पोट ते रोज पचवतं. तू उघड्या पेशींवर ओतलंस तर त्या बोंब मारणारच. हे तुला मी सांगायचं? पहिल्या वर्षाच्या मुलांना तूच शिकवतेस."

बारकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी तिच्या तोंडून निघालंच, "मग ते तिकडेच का आजारी पडतात?"

वकिलाने यावेळी वाद घातला नाही. "स्वयंपाकघर सोड. वडिलांच्या रक्तात काय चाललंय ते बघ. आणि तुलनेसाठी माझंही रक्त ने सोबत. तोच प्रवास, तोच डबा, तोच उशीर. नाहीतर उद्या म्हणशील बसच्या धक्क्यांनी झालं."

अशा रीतीने पुढच्या सुट्टीला बारकी वकिलाचं रक्त पिशवीत घेऊन घरी गेली आणि दोन माणसांचं रक्त घेऊन परतली. रक्त काढायचं ती शिकलेली होती. बाबांना तिने सांगितलं, संशोधनासाठी हवंय. त्यांनी बाही वर केली. "घे की. तुझ्या कामाला येत असेल तर बादलीभर घे." खोटं बोलताना बारकीने सुईवरून नजर काढली नाही. मावशी दारात उभी राहून बघत होती.

संस्थेच्या प्रमुखांना विचारायला हवं होतं. तेही बारकीने केलं नाही.

दोघांच्या रक्तातल्या रक्षक पेशी तिने वेगळ्या केल्या, स्वच्छ धुतल्या आणि प्लॅस्टिकच्या ताटलीतल्या इवल्याशा वाट्यांमध्ये ठेवल्या. काही वाट्यांत जंतूचे तुकडे घातले, काहींत काहीच नाही. पेशींनी दाह पसरवणारी प्रथिनं सोडली, तर शेवटच्या टप्प्याला वाटी पिवळी होणार होती. वकिलाच्या पेशींनी शहाण्यासारखं केलं: तुकडे घातले तिथे वाट्या पिवळ्या, नाही घातले तिथे पाण्यासारख्या नितळ. बाबांच्या सगळ्याच वाट्या पिवळ्या झाल्या. काहीच न घातलेलीसुद्धा. तीही गडद.

"विष त्यांच्या पेशींना चिकटून आलं असेल," बारकी म्हणाली.

"धुतल्यास ना?"

"तीनदा."

"मग?" वकिलाने ताटली उजेडात धरली. "यांना कुणी काही सांगत नाहीये, तरी या ओरडताहेत."

बारकीने ते ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. शंका मनात घर करून बसली होती. एका ताटलीने ती उठून जाणार नव्हती.

पुढच्या महिन्यात बाबा राहायला आले. पुन्हा तेच: कान फिके पडलेले, चाल हलकी. "इथली हवा मानवते मला," ते म्हणाले. ते अंघोळीला गेले तसं बारकीने त्यांची बॅग उघडली. कपड्यांच्या घड्या मावशीच्या हातच्या होत्या, कडेला कडा मिळवून घातलेल्या. तळाशी एका रुमालात गोळ्या होत्या. छोट्या, पांढऱ्या, पाकिटातून काढून सुट्या केलेल्या. नाव नाही, गाव नाही.

नाव का काढून टाकलं असेल?

त्यातल्या दोन गोळ्या तिने प्रयोगशाळेत नेल्या. यावेळी तिने सगळं काटेकोरपणे केलं. गोळीचा अर्क एकटा घातला आणि जंतूच्या तुकड्यांबरोबरही घातला. उजेड वाढेल अशी तिची खात्री होती. झालं उलटंच. नुसते तुकडे घातलेल्या पेशी झगमगत होत्या, आणि गोळी घातलेल्या जवळजवळ विझल्या होत्या. निरोप केंद्रकात पोचत होता, पण तिथे त्याचं तोंड दाबलं जात होतं. असं करणारं औषध बारकीला चांगलंच ठाऊक होतं. ते स्टेरॉइड होतं.

म्हणजे विष नव्हे, औषध. तिला हायसं वाटायला हवं होतं. पण दुसऱ्याच क्षणी डोक्यात नवं चक्र सुरू झालं. औषध मावशीकडे आहे. ते दिलं की बाबा बरे होतात, हे तिला माहीत आहे. आणि घरी असताना ती ते देत नाही.

यावेळी बाबांना पोचवायला बारकी स्वतः गेली. मावशीने पाण्याचे पेले आणले. बारकीने रुमाल उलगडून टेबलावर ठेवला.

"हे काय आहे, मावशी?"

मावशीने गोळ्यांकडे बघितलं, मग बाबांकडे. "गोळ्या आहेत."

"कसल्या, ते मला कळलंय. मला एवढंच सांगा, या दिल्या की त्यांना बरं वाटतं हे माहीत असून तुम्ही त्यांना इथे तापाने फणफणत का ठेवता? माझ्याकडे धाडताना द्यायच्या आणि घरी आणून बंद करायच्या. हा काय खेळ आहे?"

"बारके," बाबा म्हणाले.

"तुम्ही थांबा. यांना बोलू द्या."

मावशी खुर्चीवर बसली. तिचा आवाज चढला नाही. "या गोळ्या रोज घेणाऱ्यांचं काय होतं ते मी काउंटरमागून बघितलंय. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, तोंड सुजतं. गुडघ्यासाठी म्हणून डॉक्टरांनी यांना एकदा थोड्या लिहून दिल्या होत्या. गुण आला. मग यांनी हट्ट धरला, की प्रवासापुरत्या दे. त्या चिठ्ठीवर मी पुन्हा पुन्हा आणल्या. दुकानात मला कोण विचारणार? तू ओळखशील म्हणून वेष्टनं काढली. चुकलं माझं ते. पण घरी रोज द्यायला माझा हात धजला नाही."

"प्रवासापुरत्या का?"

उत्तर बाबांनी दिलं. ते कामाच्या टेबलापाशी पाठमोरे उभे होते. "पहिल्यांदा गोळी घेऊन तुझ्याकडे आलो ना, तेव्हा तू म्हणालीस, बाबा, इथे कसे टवटवीत दिसता. इतकी खूश झाली होतीस. आई गेल्यावर तुला तसं हसताना मी फार कमी वेळा बघितलंय. मग वाटलं, वर्षातून चार दिवस दिसू दे तिला बाप धडधाकट. हिला मीच गप्प राहायला सांगितलं."

मावशी बारकीकडे वळली.

"मी काहीतरी घालते असं वाटलं तुला. हो ना? पावडरीचा डबा अर्धा झाला, त्याच दिवशी मला कळलं. मापं मोजण्यात आयुष्य गेलंय माझं. मला वाटलं, तू मला चोर ठरवून यांना कायमचं तुझ्याकडे न्यायच्या तयारीत आहेस. रक्त काढायला आलीस तेव्हा तर खात्रीच पटली. म्हणून मीही गप्प बसले. बघू म्हटलं, कुठवर जाते."

"विचारायचं होतंत मला."

"तू विचारलंस?"

बाबांनी शेगडी पेटवली आणि गरज नसताना सरस ढवळत बसले. बारकी उठून मावशीसमोर गेली. "माझं चुकलं, मावशी," ती म्हणाली. मावशीने मान हलवली. ते हो होतं की नुसतं ऐकल्याची खूण, ते बारकीला कळलं नाही.

मग तिने दोघांनाही ताटलीबद्दल सांगितलं. काहीच न घातलेली वाटी पिवळी झाली, हेही सांगितलं. ऐकता ऐकता मावशी पुढे सरकली. "म्हणजे बाहेरून काही जात नाहीये यांच्या पोटात?"

"नाही. आत काहीतरी बिघडलंय. आणि या गोळ्यांनी आपण ते झाकून ठेवलं."

"मग उद्याच मोठ्या रुग्णालयात जाऊ," मावशी म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिघंही बसने निघाले. बस मावशीला खरोखरच लागत होती. बारकी सगळी वाट तिच्या शेजारी कागदी पिशवी धरून बसली.

रुग्णालयातल्या रक्ततज्ज्ञ बाईंनी बाबांचे कान बघितले, नाक बघितलं, रक्ताचे अहवाल चाळले आणि बाबांना वय विचारलं. मग हाडातली मज्जा तपासायला घेतली. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यातल्या पेशींना आतून पोकळ फोड आलेले दिसले. जनुकाच्या तपासणीचा निकाल यायला वेळ लागला, तो आल्यावर त्यांनी सगळ्यांना बसवून समजावलं. पेशीत वापरून झालेल्या प्रथिनांवर "टाकून द्या" अशी खूण केली जाते. ती खूण करणाऱ्या यंत्रणेतलंच एक जनुक बाबांच्या हाडांच्या मज्जेतल्या एका पेशीत बिघडलं होतं आणि त्या पेशीची पिलावळ वाढत गेली होती. आत कचरा साचतो, पेशी बिथरते आणि कुणी हाक न मारताच दाहाचे निरोप सोडत सुटते. बहुतेक वेळा उतारवयातल्या पुरुषांना होतं. डॉक्टरांनाही हा आजार कळून फार वर्षं झालेली नाहीत.

"पण सुरुवात कशाने झाली?" बारकीने विचारलं. "रोगणाने? खाण्यातून?"

"कशानेही नाही. वय वाढतं तशा पेशींत चुका होतात. त्यातली एक इथे नडली. कुणी केलेलं नाही हे."

"मुलीला?" मावशीने विचारलं. बारकीने चमकून तिच्याकडे बघितलं. हा प्रश्न तिच्या स्वतःच्या डोक्यातही आला नव्हता.

"नाही. जन्मापासूनचा दोष नाही हा. तो मुलीत उतरत नाही."

मावशीने पर्समधून रुमाल काढून घाम पुसला.

इलाज होता, पण पूर्ण बरं करणारा नव्हता. स्टेरॉइड कमी मात्रेत, देखरेखीखाली, आणि सोबत एक दुसरी गोळी. पेशीत निरोपांची जी साखळी चालते, तिची एक कडी अडवणारी. बारकीने त्या साखळीवर कितीतरी व्याख्यानं दिली होती. गोळीचं पाकीट तिने हातात घेऊन उलटसुलट करून बघितलं आणि मावशीकडे दिलं. कोणती, कधी, कशावर द्यायची, हे सगळं त्या दिवसापासून मावशीने बघितलं, वेष्टनासकट.

परतल्यावर बारकीने संस्थेच्या प्रमुखांना जाऊन सगळं सांगितलं. परवानगीवाचून माणसांचं रक्त प्रयोगशाळेत आणलं म्हणून तिची चांगलीच खरडपट्टी निघाली आणि काही महिने तिला त्या यंत्राला हात लावायची मनाई झाली. वकिलाने तिची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, तर त्यालाही चार शब्द ऐकावे लागले.

बाबांचा ताप पुष्कळ कमी झाला. कान आता अधूनमधूनच लाल होतात. अशक्तपणा मात्र आहे, आणि मधूनमधून रक्त चढवायला न्यावं लागतं. तेव्हा बारकी रजा काढून जाते. मावशीचा राग पुरता गेलेला नाही. एकदा भांडी पुसता पुसता ती बारकीला म्हणाली, "त्या दिवशीचं मला अजून आठवतं. विसरायला वेळ लागेल."

"लागू दे," बारकी म्हणाली.

हल्ली दर आठवड्याला बारकी फोन करते तो बाबांच्या नव्हे, मावशीच्या नंबरवर. ताप किती, भूक कशी, रात्री झोप लागली का. मावशी मोजकी उत्तरं देते आणि फोन ठेवते. परवा मात्र सगळं सांगून झाल्यावरही तिने फोन ठेवला नाही. पलीकडे बाबा कुठलीतरी तार पिळत होते, त्याचा आवाज येत होता.

"तू जेवलीस का?" मावशीने विचारलं.

बारकी जेवली नव्हती. तसं तिने सांगितलं, आणि मग मावशीची बोलणी निमूटपणे ऐकून घेतली.